यार्डात साडेपाचशे पॅनल, तरी मजला अडलेला: प्रीकास्ट घरांच्या कामातला उशीर कुठे शोधायचा

एका साइटवरून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईच्या बाजूला दोन विंगचं काम. तळमजला जागेवर ओतलेला, त्यावर १२ मजले प्रीकास्ट, म्हणजे भिंती-स्लॅब यार्डात ओतून इथे आणून जोडायचे. मजल्यावर ८ घरं, एका मजल्याला १२० नग: ६८ भिंती, ३८ स्लॅब आणि जिना, लँडिंग, टॉयलेटचे खोलगट स्लॅब वगैरे १४. प्रत्येक विंगला स्वतंत्र टॉवर क्रेन, कास्टिंग यार्ड २८ किलोमीटरवर. वेळापत्रकात मजल्याला ७ दिवस धरलेत, प्रत्यक्षात १२ लागतात. चार मजले झाले, २० दिवस मागे. यार्डवाले म्हणतात, आमच्याकडे ५४० नग तयार पडलेत, चूक साइटची. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, आणखी एक मोबाइल क्रेन द्या. शिवाय डॉवेल, म्हणजे खालची-वरची भिंत जोडणाऱ्या सळया, जुळत नाहीत. मालक विचारतो, मूळ तारीख गाठता येईल का? सोबत यार्डाच्या साठ्याची आणि साच्यांची यादी दिली आहे.

क्रेन मागवू नका. निदान अजून तरी नको. यादी वाचल्यावर दिसतं की अडचण क्रेनच्या हुकाला नाही, यार्डातल्या एका साच्यात आहे.

५४० नग ऐकायला भरपूर वाटतात. दोन्ही विंगना मिळून एका मजल्याला २४० लागतात, म्हणजे सव्वादोन मजल्यांचा माल झाला. पण मजला नगांवर उभा राहत नाही, संचावर राहतो. प्रत्येक प्रकारचा साठा घ्या, त्याला एका मजल्याच्या गरजेने भागा आणि जो आकडा सगळ्यांत लहान येईल तोच तुमचा खरा साठा समजा. तुमच्या यादीत साधे स्लॅब २३० आहेत. दोन्ही विंगना मजल्याला ७६ लागतात, म्हणजे तीन मजल्यांचे आहेत. आतल्या सरळ भिंतीही दोन मजल्यांच्या वर आहेत. आता खिडकीच्या कोपऱ्याच्या भिंतीची ओळ बघा. प्रत्येक विंगला मजल्यामागे ६, दोन्हींना मिळून १२ लागतात आणि साठा आहे ३. म्हणजे तुमच्याकडे सव्वादोन मजले नाहीत, पाव मजला आहे. बाकीचं सगळं यार्डाची जागा अडवून बसलंय.

हे का झालं, तेही साच्यांच्या यादीतच आहे. कोपऱ्याच्या भिंतीला एकच साचा आहे आणि तो दिवसाला एक नग देतो. १२ नगांना १२ दिवस. तुमचा मजला बाराव्या दिवशी का संपतो, याचं उत्तर मिळालं. क्रेन दुप्पट केल्या तरी हा साचा बारा दिवसांनीच संच पुरा करणार. उलट आणखी नुकसान होईल: दोन क्रेनचं भाडं चालू आणि दोघी मिळून एका भिंतीची वाट बघत उभ्या.

त्यातही हा साचा रोज एक नग देतो म्हणणं उदारपणाचं आहे. घरं आरशातल्यासारखी उलटसुलट आहेत, त्यामुळे त्या भिंतीचा डावा आणि उजवा असे दोन प्रकार होतात. डाव्याचं उजवं करायचं म्हणजे बाजूच्या शटर सोडवा, खिडकीचा बॉक्स उलटा बसवा, डॉवेल शिरतात त्या डक्टच्या (नळ्यांच्या) जागा बदला, इलेक्ट्रिकच्या डब्या हलवा, पुन्हा माप तपासा. चार तास सहज जातात आणि त्या दिवशीचं कास्टिंग संध्याकाळवर ढकललं जातं. संध्याकाळी ओतलेलं पॅनल दुसऱ्या दिवशी सकाळी निघत नाही. मग साखळी अर्ध्या दिवसाने सरकते.

उपाय करताना पहिली गोष्ट ही, की डावं-उजवं वेगळं करा. आहे तो साचा कायमचा डाव्याला द्या. उजव्यासाठी एक सपाट कास्टिंग टेबल मोकळं करा. साध्या स्लॅबचा तीन मजल्यांचा साठा असताना त्यांचं एक टेबल काही आठवडे बंद राहिलं तर काही बिघडत नाही. बाजूला बोल्टने किंवा चुंबकाने धरणाऱ्या शटर आणि खिडकीच्या जागी फिल्म-फेस्ड प्लायचा बॉक्स. प्लाय नीट तेल लावून वापरला तर पंचवीसएक ओतण्या निघतात. तोवर फॅब्रिकेटरकडून पक्का लोखंडी साचा येऊ द्या. त्याची ऑर्डर आजच गेली तरी यायला पाच-सहा आठवडे लागतील, म्हणून त्याच्या भरवशावर थांबायचं नाही. दोन जागांवर रोज एकेक नग म्हणजे १२ नगांना ६ दिवस. सात दिवसांच्या चक्रात एक दिवस उरतो, तो एखादा नग नापास झाला तर कामाला येतो.

टेबलवर काढलेली भिंत आडवी ओतली जाते, हे लक्षात ठेवा. उभ्या साच्यातल्या भिंतीचे उचलायचे अँकर वरच्या काठात असतात. आडवी भिंत उभी करताना तिच्यावर वाकवणारा ताण येतो आणि तडा नेमका खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होतो. टेबल उभं होणारं असेल तर चांगलंच. नसेल तर खिडकीच्या पोकळीत तात्पुरता लोखंडी चॅनल बोल्टने बांधून मगच उचला आणि अँकरची जागा आरसीसी कन्सल्टंटकडून नव्याने तपासून घ्या. एक भिंत तडकली की एक दिवस गेला, शिवाय तो नग यार्डात कोणीतरी गुपचूप सिमेंट चोळून पाठवेल ही भीती वेगळीच. काठाचा टवका निघाला तर दुरुस्त करा. अँकरजवळ तडा असेल तर नग बाजूला काढा, चर्चा नको.

यार्ड असं का वागतं, हा प्रश्न विचारल्याशिवाय वरचा उपाय टिकणार नाही. बहुतेक ठिकाणी यार्डाचं बिल घनमीटरवर निघतं आणि मोठा हिस्सा पॅनल ओतल्याबरोबर मिळतो. मग सुपरवायझर काय करणार? ज्या साच्याला हात लावावा लागत नाही तो रोज भरणार. साधा स्लॅब सोपा, घनमीटर जास्त, बिल मोठं. जिन्याचं लँडिंग किचकट, घनमीटर नगण्य. यात त्याची लबाडी नाही, तुम्ही त्याला त्याचेच पैसे देताय. बिलाची वाटणी बदला. माझ्या मते ओतल्यावर ५० टक्के, मजल्याचा पूर्ण संच साइटवर पोचल्यावर २० आणि उभारून जोडांत ग्राउट (पातळ सिमेंटी मिश्रण) भरून झाल्यावर ३० ही विभागणी ठीक चालते. आकडे तुमच्या करारात बसतील तसे ठेवा, पण 'पूर्ण संच' हा शब्द बिलात आलाच पाहिजे. तो आला की पुढच्याच आठवड्यात लँडिंगचे साचे भरायला लागतात.

आता साइटकडे येऊ. यार्डाची बाजू सुटली की लगेच क्रेनची अडचण उघडी पडेल, कारण सात दिवसांचं गणितही मुळात नीट मांडलेलं नव्हतं. हुकाचा वेळ मिनिटांत मोजा. भिंत उचलून, शिमवर (लेव्हलच्या पातळ पट्ट्यांवर) टेकवून, दोन प्रॉप (तात्पुरते टेकू) लावून हुक सोडेपर्यंत साधारण २२ मिनिटं. ६८ भिंतींना १,४९६. स्लॅबला १४ मिनिटं, ३८ चे ५३२. जिना-लँडिंगसारख्या १४ नगांना प्रत्येकी २५, म्हणजे ३५०. एकूण २,३७८ मिनिटं. दहा तासांच्या पाळीत चहा, जेवण, वारा, हुक बदलणं वजा जाता ४५० मिनिटं खरी हाती लागतात. म्हणजे फक्त उभारणीलाच सव्वापाच पाळ्या गेल्या.

सध्या ट्रेलर आला की सगळे नग आधी जमिनीवर उतरवले जातात आणि नंतर वर नेले जातात. नगाला ९ मिनिटं, १२० नगांची १,०८० मिनिटं, जवळजवळ अडीच पाळ्या फुकट. शिवाय सळयांचे गठ्ठे, प्रॉप, ग्राउटच्या गोण्या, टॉपिंगच्या, म्हणजे स्लॅबवर ओतायच्या थराच्या, काँक्रीटची बकेट यांत रोज दीड तास जातो. बेरीज करा: साडेनऊ दिवस. उरलेले अडीच दिवस वाट बघण्यात जातात, त्यातला मोठा वाटा वरच्या कोपऱ्याच्या भिंतीचा.

यातली सगळ्यांत स्वस्त बचत उतरवण्याची. दोन मार्ग आहेत. ट्रेलरवरून थेट उभारणी करा, किंवा उतरवण्याचं काम संध्याकाळी न्या. थेट उभारणी ऐकायला छान, पण त्यासाठी ट्रेलर उभारणीच्या क्रमाने भरलेला हवा. आधी लागणारी भिंत बाहेरच्या बाजूला आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहील अशी. ए-फ्रेमच्या (दोन्ही बाजूंना भिंती टेकवायच्या लोखंडी घोडीच्या) एकाच बाजूच्या भिंती काढत गेलात तर ट्रेलर कलंडतो. हे काम यार्डातल्या लोडिंगच्या माणसाचं आहे आणि त्याच्या हातात उद्याची क्रमवार यादी आदल्या दिवशी दुपारी असायला हवी. सुरुवातीला निम्मे ट्रेलर तरी असे भरून बघा. उरलेले संध्याकाळी ७ ते १० मध्ये उतरवा. सहा संध्याकाळी रोज तीन तास म्हणजे बरोबर १,०८० मिनिटं, त्यामुळे अगदी सगळाच माल उतरवायचा म्हटला तरी बसतो. दहानंतर नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे आणि शेजारच्या सोसायटीची एक तक्रार तुमचे दोन दिवस खाऊ शकते.

संध्याकाळच्या उतरवण्यात एक मेख आहे. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ट्रेलर दुपारीच आत येऊन उभा राहिला पाहिजे. म्हणून दोन-तीन ट्रेलर जास्त घ्या आणि हॉर्स (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) सोडवून मागची गाडी साइटवर ठेवून द्या. गाडी म्हणजेच तुमचा फिरता साठा. हिशेब असा: १५० मिलिमीटर जाडीची, ४ मीटर लांब आणि २.८५ मीटर उंच भिंत सव्वाचार टनांच्या आसपास भरते. एका ट्रेलरवर पाच. ६८ भिंतींना १४ खेपा, स्लॅबना चार, बाकीच्यांना दोन, म्हणजे विंगला मजल्यामागे २० खेपा. दोन विंगना सहा दिवसांत ४० खेपा, दिवसाला सात. अंतर २८ किलोमीटर असलं तरी भरणं, उतरवणं आणि बंदीची वेळ धरून एक हॉर्स दिवसाला दीड खेपेच्या वर करत नाही. पाच हॉर्स लागतील. तुमच्याकडे तीन आहेत. कोपऱ्याची भिंत सुटल्यावर पुढचा अडसर हाच असणार. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी लागते. यार्ड त्या बाजूला असेल तर त्या आठवड्याचा माल आधीच साइटवर आणून ठेवा.

टॉपिंगच्या काँक्रीटला क्रेनची बकेट वापरणं बंद करा, पंप लावा. सळया आणि प्रॉप सकाळी सातच्या आत वर चढवा. रोजचा दीड तास अर्ध्या तासावर येतो. आता मांडणी अशी दिसते: उभारणी सव्वापाच दिवस, किरकोळ उचल अर्धा-पाऊण दिवस, आडकाठी एक दिवस. सात होतात. मी आठ धरेन.

डॉवेल जुळत नाहीत ही तुमची दुसरी तक्रार. ती क्रेनच्या नावावर टाकली गेली आहे, पण मूळ खाली आहे. खालच्या भिंतीतून वर आलेली सळई वरच्या भिंतीच्या डक्टमध्ये शिरते. डक्ट ५० मिलिमीटरचा, सळई २० ची, म्हणजे सगळीकडून १५ मिलिमीटर सूट. सळई २० मिलिमीटर सरकली की भिंत बसत नाही आणि सव्वाचार टनांचं ओझं हवेत टांगून माणसं पाइपने सळई वाकवत बसतात. पहिल्या प्रीकास्ट मजल्यावर हे हमखास होतं, कारण खालचा तळमजला जागेवर ओतलेला असतो आणि तिथली मापं गवंडीकामाची असतात, यार्डाची नसतात. उपाय जुना आणि साधा आहे. भोकं पाडलेली पत्र्याची टेम्प्लेट काँक्रीट ओतताना सळयांवर चढवून ठेवायची आणि ओतून झाल्यावर, काँक्रीट ओलं असतानाच, टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) पुन्हा तपासायचं. प्रत्येक मजल्यावर भिंत येण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्वेअरने सगळ्या सळयांवरून एक फेरी मारावी आणि शिमच्या जागांची लेव्हल लिहून ठेवावी. १२ चुकीच्या सळया संध्याकाळी सापडल्या तर त्या फिटरचं काम असतात. सकाळी सापडल्या तर त्या क्रेनचं काम होतात. आणि सळई कापायची नाही. ती कापून भिंत बसवणारा फोरमन वेगवान वाटतो, पण त्याने इमारतीचा जोड काढून घेतलेला असतो.

जोडाचा विषय निघालाच आहे तर घाई कुठे करायची नाही तेही इथेच सांगतो. मजल्याच्या चक्रात कमी करता न येणारा एकच वेळ आहे, तो ग्राउटचा. खालच्या मजल्याच्या जोडांचं ग्राउट डिझाइनरने लिहिलेल्या ताकदीला पोचल्याशिवाय वरची भिंत टेकवायची नाही, प्रॉप काढायचे नाहीत. १६ मे १९६८ ला लंडनमध्ये रोनन पॉइंट ही मोठ्या पॅनलची २२ मजली इमारत अठराव्या मजल्यावरच्या गॅसस्फोटाने एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत कोसळली, चार माणसं गेली. १९८६ मध्ये ती उतरवताना तिचे जोड उघडले, तेव्हा काही ठिकाणी काँक्रीटच्या जागी पोकळी आणि वर्तमानपत्राचे बोळे निघाले. कोणीतरी, कुठल्यातरी शनिवारी, मजला संपवायच्या घाईत असणार.

म्हणून ग्राउटला लागणारा वेळ वाचवायचा नाही, तो झाकायचा. ग्राउटची टोळी वेगळी करा. उभारणीचीच माणसं ग्राउट करत असतील तर दोन्ही कामं रखडतात. दिवसभर बसलेल्या भिंती संध्याकाळी पाचपर्यंत ओळंब्यात आणायच्या, सहा ते दहा ग्राउट भरायचं, सकाळी ग्राउटचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) फोडून ताकद बघायची. डक्टच्या खालच्या भोकातून भरा आणि वरच्या भोकातून ग्राउट बाहेर येईपर्यंत भरणं थांबवू नका. वरून ओतलं तर हवा अडकते. पावसाळ्यात डक्टमध्ये पाणी साठतं आणि ग्राउट पातळ होऊन ताकद पडते, म्हणून वर उघड्या राहिलेल्या प्रत्येक डक्टवर प्लास्टिकची टोपी हवी. भरण्याआधी फुंकून पाणी काढा. टोपी दोन रुपयांची असते आणि साइटवर नेमकी तीच नसते.

प्रॉपचंही तसंच. भिंतीला दोन, ६८ भिंतींना १३६. ग्राउट शिजेपर्यंत ते अडकलेले, म्हणून विंगला दीड मजल्याचे तरी हवेत: २०४ अधिक काही सुटे. तुमच्या यादीत विंगला १५० आहेत. म्हणजे शेवटच्या काही भिंती खालचे प्रॉप सुटण्याची वाट बघतात आणि ग्राउट कच्चं असताना ते काढायचा मोह होतो. दोन विंगसाठी शंभरेक प्रॉप भाड्याने आणा. क्रेनच्या एका दिवसाच्या भाड्याशी तुलना करून बघा.

यार्डातल्या ताकदीबद्दल थोडक्यात. दिवसाला एक ओतणी हे गणित सकाळी साचा सोडवता येईल या गृहीतकावर उभं आहे. डिमोल्डिंगला, म्हणजे साच्यातून काढायला, डिझाइनर साधारण १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास ताकद मागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा उतरला की जिथे १४ तास लागत तिथे १८ ते २० लागतात आणि ओतणी दुपारवर जाते. राखेचं प्रमाण जास्त असलेलं सिमेंट असेल तर आणखीच. गरम पाणी, ताडपत्री, गरज पडली तर वाफ. वाफ देताना ओतल्यावर तीनेक तास थांबायचं, हळूहळू तापवायचं आणि काँक्रीट ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. नाहीतर आज ताकद मिळते आणि काही वर्षांनी काँक्रीट आतून फुगून तडे जातात. सगळ्या यार्डाला वाफ द्यायची गरज नाही, ज्या साच्याने मजला अडतो त्यालाच द्या. आणि क्यूब पॅनलच्या शेजारी, त्याच ताडपत्रीखाली ठेवा. टाकीत ठेवलेला क्यूब पॅनलबद्दल काहीच सांगत नाही.

ड्रॉइंग. यावर पानं लिहिता येतील, पण तुमच्या बाबतीत दोनच गोष्टी. एक, पाचव्या मजल्यापासून किचनमधल्या पॉइंटची जागा बदलायचा जो विषय आर्किटेक्टने काढलाय, तो जुन्या जागेवरच राहू द्या किंवा बाहेरून पट्टीतून वायर न्या. ओतलेल्या भिंतीत डबी हलवायची म्हणजे कोर कटिंग. न ओतलेल्या भिंतीत हलवायची म्हणजे शॉप ड्रॉइंग, मंजुरी, साच्यातला बदल, दोन-तीन आठवडे. दोन, प्रत्येक पॅनलवर नगाच्या क्रमांकाशेजारी ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक रंगवा. यार्डात आर-२ आणि साइटवर आर-३ असेल तर चूक भिंत हवेत असताना कळते.

आता कामाची रोजची पद्धत. यार्ड आणि साइट यांच्यात संध्याकाळी पाचला पंधरा मिनिटांचा फोन, बोलायचं फक्त नगांच्या क्रमांकांवर: उद्या कोणते बसणार, कोणते ट्रेलरवर चढले, परवाच्या यादीतले कोणते अजून ओतलेले नाहीत. 'माल येतोय' हे वाक्य त्या फोनवर चालणार नाही. एकच तक्ता ठेवा, प्रत्येक नगाची एक ओळ आणि सहा तारखा: ओतला, साच्यातून काढला, पास झाला, निघाला, बसला, ग्राउट झाला. दहा दिवसांचा असा तक्ता हाती आला की उशीर कुठे होतो यावर बैठकीत आवाज चढवायची गरज पडत नाही. कोणत्या दोन तारखांमधलं अंतर वाढतंय ते तक्त्यातच दिसतं. दर सोमवारी 'सगळ्यांत कमी साठा कुणाचा' ही एक ओळ वाचा. कोपऱ्याची भिंत सुटली की तिची जागा दुसरा कुणीतरी घेईल, बहुधा लँडिंग.

मालकाच्या प्रश्नाकडे येतो. २० दिवस मागे आहात, आठ मजले बाकी आहेत. काहीच बदललं नाही तर उरलेल्या मजल्यांना ९६ दिवस लागतील. नियोजन ५६ चं होतं. शेवटी ६० दिवस उशीर. मूळ तारीख गाठायची तर ३६ दिवसांत आठ मजले, म्हणजे मजल्याला साडेचार दिवस. हुकालाच सव्वापाच पाळ्या लागतात, त्यामुळे एका पाळीत हे होणार नाही आणि होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुढचे दोन मजले बदल बसेपर्यंत १० दिवसांचे, नंतरचे सहा ८ दिवसांचे धरले तर ६८ दिवस होतात. शेवटी ३२ दिवस उशीर. मालकाला हा आकडा सांगा.

तो बहुधा सिडकोचं उदाहरण काढेल. २०२२ मध्ये बामणडोंगरीला प्रीकास्ट पद्धतीने ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत उभी राहिली, हे खरं आहे. पण असं काम होतं तेव्हा घड्याळ सुरू होण्याआधी ड्रॉइंग गोठलेली, साचे जमलेले आणि पुरवठा रांगेत लावलेला असतो. चौथ्या मजल्यावर येऊन ते आणता येत नाही. दुसरं टोकही सांगून ठेवा: केंद्राच्या लाइटहाउस प्रकल्पांपैकी चेन्नईची १,१५२ प्रीकास्ट घरं. पायाभरणी १ जानेवारी २०२१, लोकार्पण २६ मे २०२२, जवळपास १७ महिने. अर्थात मधे कोविडची लाट होती.

३२ पैकी १०-१२ दिवस फिनिशिंगमधून परत मिळू शकतात. प्रीकास्टने वाचतो तो सांगाड्याचा वेळ. वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, प्लंबिंग आपल्याच चालीने चालतात आणि ताबा त्यांच्या शेवटी मिळतो. सध्या तुम्ही सहा मजले वर गेल्यावर खाली फिनिशिंग सुरू करायचं ठरवलंय. ते तीनवर आणा. खालच्या मजल्यांचे प्रॉप निघालेत, भिंतींना प्लास्टर नाही, अडचण फक्त पाणी झिरपण्याची आहे. बाहेरचे सांधे बंद करणारं पीयू सीलंट ओल्या काँक्रीटला धरत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर ते काम होत नाही आणि आतलं सगळं काम त्यासाठी थांबतं. थांबू नका. सांध्यात बॅकर रॉड (फोमची दोरी) घालून वरून तात्पुरती पट्टी मारा, आत टाइल आणि वायरिंग चालू करा, रंगाचा शेवटचा हात आणि सीलंट ऑक्टोबरवर ठेवा. लिफ्टची ऑर्डर गेली आहे का तेवढं आज बघून घ्या. यादीत ती दिसली नाही.

पावसाळ्याचे दिवस वेगळे धरा, माझे ३२ दिवस कोरड्या हवेचे आहेत. हवेत टांगलेली भिंत म्हणजे वाऱ्याला शीडच. क्रेनची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तकात असते, पण मोठ्या पॅनलसाठी बऱ्याच साइटवर सेकंदाला १० मीटरच्या, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपासच उचल थांबवतात. जुलैत असे तास भरपूर निघतात. त्यांची नोंद वाऱ्याच्या मापकावरून, वेळेसकट, रोजच्या वहीत करा. ट्रेलरचा रस्ता आत्ताच मुरूम आणि खडीने कडक करून घ्या.

मुदतवाढीसाठीही ही वही लागेल. करारातली नोटिशीची मुदत वाचा आणि प्रत्येक अडथळ्याची नोटीस त्या मुदतीतच पाठवा. ड्रॉइंग उशिरा आलं, पॉइंटचा बदल आला, वाऱ्याने क्रेन थांबली, अशी एकेक, नगांच्या क्रमांकांसकट. शेवटी एकगठ्ठा पाठवलेलं पत्र कोणी मोजत नाही. मालकाची बाजू वेगळी. घरं विकलेली असतील तर महारेराकडे नोंदवलेली तारीख त्याला बांधते. रेरा कायद्याच्या कलम ६ मधली युद्ध, पूर, भूकंप, चक्रीवादळ यांसारखी कारणं नेहमीच्या पावसाला किंवा अडलेल्या साच्याला लागू होत नाहीत. त्याखेरीज प्राधिकरणाला वाजवी कारण पटलं तर एकूण एक वर्षापर्यंत वाढ मिळू शकते, पण अर्ज तारीख उलटायच्या आधी जायला हवा. ३२ चा आकडा त्याला आजच सांगायचा तो यासाठी.

आणि त्या मोबाइल क्रेनबद्दल. उजव्या कोपऱ्याचं टेबल चालू झालं, हॉर्स पाच झाले, उतरवणं संध्याकाळी गेलं आणि तरीही तक्त्यात 'साइटवर पोचला' ते 'बसला' हे अंतर दोन दिवसांच्या वर राहिलं, तर मागवा. त्यासाठी तक्त्यात 'पोचला' ही सातवी तारीख आत्ताच घालून ठेवा.